उतारावरची चढाओढ

मराठीत स्पर्धेला ‘चढाओढ’ असा शब्द आहे, आणि त्या शब्दात चढ आहे, उतार नाही. उताराच्या वाट्याला आपल्या भाषेत फारसे चांगले काही आलेले नाही: उतारवय, उतरती कळा, उतरलेला चेहरा. ताप उतरतो आणि चढलेला पारा उतरतो, तेवढाच काय तो दिलासा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही घाट सर्वांत आधी चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. घाट सर्वांत वेगाने उतरणाऱ्याला कोणी साधी सरदारकी दिल्याचेही आमच्या ऐकिवात नाही. चढणे हा पराक्रम आणि उतरणे ही परतीची वाट, अशीच आमचीही समजूत होती.

त्यामुळे ज्यांत सायकल घेऊन डोंगर फक्त उतरायचा असतो, असे व्हिडिओ गेम आमच्या हाती आले तेव्हा यात खेळण्यासारखे काय आहे हेच प्रथम कळेना. गुरुत्वाकर्षण सगळे काम करणार, मग खेळणाऱ्याने करायचे काय? (उत्तर पहिल्या दहा सेकंदांतच मिळाले. खेळणाऱ्याने पडायचे.) पुढे आम्ही दोघे-तिघे मित्र एकाच पडद्यासमोर बसून आळीपाळीने हे गेम खेळू लागलो, आणि खेळण्याइतकाच वेळ वाद घालण्यात घालवू लागलो. इतर खेळणाऱ्यांची मते ऐकली, वाचली, तेव्हा लक्षात आले की आमचे वाद आमचे एकट्याचे नव्हते. कोणी म्हणतो, सायकल जड वाटत नाही. कोणी म्हणतो, कॅमेरा ऐन वळणावर झाडाआड जातो. कोणाला वेग हवा, कोणाला शांतता. एकाला रोज नवा डोंगर हवा, तर दुसरा एकाच डोंगरावर महिना काढतो.

ही मते वरवर पाहता दृश्ये, आवाज, बटणे अशा तपशिलांबद्दल असतात. पण बराच काळ ऐकत राहिल्यावर त्यांच्या तळाशी आम्हांला एकच प्रश्न दिसू लागला: पडण्याची किंमत किती असावी? पडल्यावर खेळ संपावा, की दोन सेकंद जावेत, की काहीच जाऊ नये? हा प्रश्न गेम रचणाऱ्यांनी निर्माण केलेला नाही. डोंगर-सायकलीच्या जन्मापासून तो तिच्याबरोबर उतरत आला आहे. म्हणून आधी तिकडे जाऊ.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता खाली येतो. सुमारे दोन मैलांत तो तेराशे फूट, म्हणजे चारशे मीटरच्या आसपास उतरतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी या रस्त्यावर सायकलींची पहिली शर्यत लावली. त्यांच्या सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बनावटीच्या, जाड टायरच्या आणि अवजड असत. मूळच्या त्या पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी केलेल्या. आता भंगारातून किंवा अडगळीतून काढून दुरुस्त केलेल्या. बहुतेकींना पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक होता, आणि तो मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. एवढा उतार एका दमात उतरला की हब इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे, म्हणून रस्त्याचे आणि शर्यतीचे नाव पडले ‘रीपॅक’. एखाद्या क्रीडाप्रकाराचे पहिले नाव दुरुस्तीवरून पडावे, हे आम्हांला फार बोलके वाटते. किंमत मोजल्याची पावतीच ती.

या शर्यतीचा चालक आणि टिपणकार होता चार्ली केली. स्पर्धक एकामागोमाग एक, ठरावीक अंतराने सुटत. कोणी कोणाला ढकलत नसे, प्रत्येकाची शर्यत घड्याळाशी. केली वहीत सगळ्यांच्या वेळा लिहून ठेवी. गॅरी फिशरची ४ मिनिटे २२ सेकंद ही वेळ तिथला विक्रम ठरली. जो ब्रीझ त्याच्या दोनच सेकंद मागे, ४ मिनिटे २४ सेकंदांवर. या दोन सेकंदांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. जो रस्ता पहिल्यांदा उतरताना माणूस दोन-तीनदा पडतो, तोच रस्ता पुन्हापुन्हा उतरून त्यांनी असा पाठ केला होता, की फरक उरला तो फक्त दोन सेकंदांचा. प्रत्येक दगड, प्रत्येक चर, प्रत्येक आंधळे वळण त्यांना ठाऊक होते, आणि यांतले बरेचसे ज्ञान गुडघ्या-कोपरांवाटे आत गेलेले होते.

या ज्ञानातूनच यंत्र सुधारले. जुन्या सांगाड्यांची हाडे मोडत, म्हणून ब्रीझने १९७७ साली खास या उतारांसाठी नवी सायकल बांधली. त्याची ती पहिली सायकल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला, आणि कंपनीचे नाव पुढे अवघ्या जातीचे नाव झाले. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे डोंगर-सायकलीची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत उताराची शर्यतही होती. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगर-सायकल पोचली. तिथे मात्र प्रवेश मिळाला तो चढ आणि उतार दोन्ही असलेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला. निव्वळ उताराची शर्यत ऑलिंपिकच्या दाराबाहेरच राहिली. ‘घाटाचा राजा’ निवडणारे आपण एकटेच नाही, असे म्हणून आम्ही समाधान करून घेतो.

त्याच काळात मरीनमध्ये दुसरीही एक गोष्ट घडत होती. सायकलींच्या चाकांनी पायवाटा उखडतात, घोडे बुजतात, चालणारे दचकतात, अशा तक्रारी वाढल्या. टॅम पर्वताच्या पाणलोट क्षेत्रातील अरुंद पायवाटा कित्येक वर्षे सायकलींना बंद राहिल्या, आणि रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. फिशरच्या विक्रमाचा सरासरी वेग ताशी पंचवीस मैलांहून अधिक होता. ज्या डोंगरांनी हा खेळ जन्माला घातला, तिथेच तो त्या वेगाने खेळणे गुन्हा ठरले. पडण्याची किंमत स्वाराने आपल्या कातडीने मोजली होती. डोंगराने मोजलेली किंमत या नियमांनी हिशोबात आणली. व्हिडिओ गेमचा विचार करताना ही बाजू सहसा कोणी धरत नाही, म्हणून आताच सांगून ठेवतो. तिच्याकडे परत यायचे आहे.

पडद्यावर सायकल आली ती उतारावरून नव्हे, गल्लीतून. अटारी कंपनीच्या १९८५ सालच्या ‘पेपरबॉय’मध्ये खेळणाऱ्याच्या हातात चक्क सायकलचे हँडल असे आणि घरोघर वर्तमानपत्र टाकायचे असे. म्हणजे जी सायकल मरीनच्या तरुणांनी पेपरवाल्या पोरांकडून डोंगरावर नेली, ती पडद्यावर पुन्हा पेपरवाल्या पोराकडेच आली. डोंगर आला तो पुढच्या दशकात. जपानच्या नाम्को कंपनीने १९९७ मध्ये ‘डाउनहिल बायकर्स’ हे यंत्र काढले. त्याला हँडलबरोबर पायडलेही होती आणि खेळणाऱ्याला ती खरोखर मारावी लागत. उतार उतरण्यासाठी पाय थकवायचे, ही कल्पना विनोदी वाटेल. पण तीत एक प्रामाणिकपणा होता. शरीराला काहीतरी मोजायला लावल्यावाचून हा खेळ खरा वाटणार नाही, हे त्या यंत्राच्या कर्त्यांना कळले होते. १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर ‘नो फिअर डाउनहिल माउंटन बायकिंग’ आला आणि उतार घराच्या दिवाणखान्यात पोचला. तिथे पायडले नव्हती, फक्त अंगठे होते.

या जातीच्या गेमांत ज्याचे नाव जुने खेळणारे अजूनही प्रेमाने घेतात, तो सोनीने २००३ साली प्लेस्टेशन २ साठी काढलेला ‘डाउनहिल डॉमिनेशन’. रचणारी मंडळी सॉल्ट लेक सिटीची. त्याआधी गाड्यांवर बंदुका लावून लढण्याचा ‘ट्विस्टेड मेटल: ब्लॅक’ त्यांनी केला होता, आणि तो हात इथेही दिसतो. सायकलस्वार एकमेकांना गुद्दे मारतात, लाथा घालतात. पैसे जिंकायचे, चांगली सायकल घ्यायची, आणि डोंगराच्या माथ्यावरून अशा वेगाने खाली यायचे की खरा स्वार पहिल्या वळणालाच देवाघरी जावा. आमच्या पिढीच्या अनेकांना हे ओळखीचे वाटले, कारण सायबर कॅफेत आणि शेजारच्या दादाच्या संगणकावर आम्ही ‘रोड रॅश’वर वाढलो होतो. तिथेही मोटरसायकलवरून जाताना शेजाऱ्याला लाथ घालता येई. मात्र ‘रोड रॅश’मध्ये पडले की स्वार उठून, दूर घसरत गेलेल्या आपल्या गाडीकडे धावत जाई, आणि तेवढ्या वेळात सगळे पुढे निघून जात. ती धाव पाहताना जीव कासावीस होई. पडण्याची किंमत इतक्या साध्या रीतीने दाखवणारे दृश्य आम्ही नंतर फारसे पाहिले नाही.

‘डाउनहिल डॉमिनेशन’बद्दलची मते दोन तट पाडतात. एक तट म्हणतो, यासारखा वेग आणि अशी मोकळीक पुन्हा कोणी दिली नाही. डोंगर रुंद आहे, पाहिजे तिकडून उतरा, कुठूनही उडी घ्या, पडलात तर क्षणभरात पुन्हा सायकलवर. दुसरा तट, ज्यात खऱ्या सायकली चालवणारे बरेच, तो म्हणतो की हे डोंगर उतरणे नव्हे, हे कोसळणे आहे. जिथे पडण्याला किंमत नाही तिथे न पडण्यालाही नाही. आम्ही तेव्हा पहिल्या तटात होतो. वय तसे होते.

या खेळानंतर चार वर्षांनी, २००७ च्या सप्टेंबरात, टॅरा यानेस ही अमेरिकेची अव्वल उतारपटू कोलोरॅडोतील एका शर्यतीत पडली. मणक्याला दुखापत झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे तिने चाकांच्या खुर्चीवरून खेळायला सुरुवात केली, कॅनडात स्थायिक झाली, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये त्या देशाच्या महिला व्हीलचेअर बास्केटबॉल संघातून खेळली. हा प्रसंग आम्ही कोणाला धाक घालण्यासाठी सांगत नाही, आणि गेम वाईट असे सुचवण्यासाठी तर मुळीच नाही. पण ‘पडलो की परत सुरू’ या सोयीबद्दल मते मांडताना, ती सोय नसलेले लोकही याच उतारावर आहेत, एवढे भान ठेवावे असे वाटते.

नंतर बराच काळ या जातीला ओहोटी लागली होती. भरती आली ती २०१९ साली, आणि एकाच वर्षात एकमेकांच्या अगदी विरुद्ध असे दोन गेम आले. पहिला डच मंडळींचा ‘डिसेंडर्स’; २०१८ मध्ये तो अपुऱ्या स्थितीत विक्रीला आला आणि मे २०१९ मध्ये पुरा झाला. त्यातले डोंगर कोणी हाताने रचलेले नाहीत, संगणक ते आयत्या वेळी रचतो. त्यामुळे प्रत्येक उतार पहिल्यांदाच भेटतो, आणि बहुधा शेवटचाच. शिवाय जीव मोजके. एकामागून एक डोंगर उतरत जायचे, पडझडीत जीव संपले की सारा प्रवास पुन्हा पहिल्या डोंगरापासून. खेळणाऱ्यांची मते इथे पुन्हा फाटली. ज्यांना हा गेम आवडला ते म्हणत, पाठांतर नाही म्हणून खरे कौशल्य इथेच कळते. समोर काय आहे ते ठाऊक नसताना हात स्थिर राहणे, हीच परीक्षा. ज्यांना खटकला ते म्हणत, जो डोंगर उद्या नसणार त्याच्याशी ओळख तरी कशी व्हावी? या दुसऱ्या गटाचे म्हणणे कृतीतूनही दिसले. गेममध्ये स्वतःच्या वाटा रचण्याची सोय मिळाल्यावर अनेकांनी खऱ्या जगातले ओळखीचे उतार तिथे उभे केले. अनंत डोंगर हाताशी असताना माणसांनी आपलाच एक डोंगर मागितला.

दुसरा गेम ‘लोनली माउंटन्स: डाउनहिल’, बर्लिनच्या छोट्या संस्थेचा, ऑक्टोबर २०१९ चा. यात चार डोंगर, प्रत्येकावर चार वाटा. पुढे भर पडली ती वेगळी. संगीत नाही. पक्षी, पाणी, खडीवर घासणारी चाके, आणि मग धप्प. प्रतिस्पर्धी दिसत नाही. नवी वाट पहिल्यांदा घड्याळाविना उतरायची, म्हणजे नुसती पाहायची. मग तीच वाट अमुक वेळेत, नंतर तमुकपेक्षा कमी वेळा पडून. पडले की मागच्या चेकपॉइंटवरून तत्काळ पुन्हा. जीव संपत नाहीत, कोणी ओरडत नाही. वाटेच्या कडेला कुठेकुठे आडबाजूला विश्रांतीच्या जागा आहेत. तिथे सायकल थांबवली की स्वार बसतो आणि डोंगर दिसत राहतो.

याच्यावरची मुख्य तक्रार कॅमेऱ्याबद्दल. तो खेळणाऱ्याच्या हातात नाही. स्वतःच दूर कुठेतरी उभा राहून पाहतो, आणि कधी पाइनच्या फांद्या मध्ये येतात. कित्येकांना हा दोष वाटतो, आणि ऐन वळणावर अडकलेल्या माणसाला तसे वाटणे योग्यच आहे. आम्हांलाही प्रथम वाटले. पण दहाव्या-बाराव्या खेपेनंतर लक्षात आले, की फांद्यांआडचे वळण आम्ही आता डोळ्यांनी घेतच नव्हतो. ते हातांना पाठ झाले होते. दुसरा वाद आडवाटांचा. रुळलेली वाट सोडून कड्यावरून उडी घेता येते, आणि सर्वांत कमी वेळा अशाच उड्यांच्या असतात. काही खेळणाऱ्यांना ही लबाडी वाटते, तर काहींना हेच मर्म वाटते: डोंगर पुरता ओळखल्यावाचून आडवाट सापडत नाही. केलीच्या वहीतल्या दोन सेकंदांचा फरक कदाचित अशाच एखाद्या आडवळणात दडलेला असेल.

२०२१ च्या ऑक्टोबरात युबिसॉफ्टच्या आनसी येथील शाखेने ‘रायडर्स रिपब्लिक’ काढला, आणि किमतीचा प्रश्न आणखी एका वळणावर आला. यात अमेरिकेतील योसेमिटी, झायन, ब्राइस कॅन्यन, ग्रँड टीटन अशी खरी स्थळे एकत्र जोडून एक अवाढव्य मैदान केले आहे, आणि त्यात सायकलस्वारांचे लोंढेच्या लोंढे उतरतात. पडलात तर काळ मागे फिरवता येतो; मात्र तो तुमच्यापुरताच फिरतो, बाकीचे पुढे जात राहतात. (‘रोड रॅश’मधली ती धाव वेगळ्या वेषात परत आली, असे आम्ही म्हणतो.) खेळणाऱ्यांनी दृश्यांचे भरभरून कौतुक केले आणि गर्दीच्या शर्यतींतल्या धक्काबुक्कीला नावे ठेवली. आमचे लक्ष दुसरीकडे गेले. खऱ्या योसेमिटीत सायकल फक्त डांबरी रस्त्यांवर आणि आखून दिलेल्या पक्क्या सायकलमार्गांवर चालवता येते. पायवाटांवर तिला मज्जाव आहे. म्हणजे पडद्यावर आपण जिथून झेपावतो, तिथे खऱ्या सायकलीला पाऊल ठेवता येत नाही. मरीनमध्ये सुरू झालेल्या भांडणाचा हा विलक्षण शेवट म्हणावा लागेल. इथे चाकांनी माती उखडत नाही, घोडे बुजत नाहीत, ओढ्यात गाळ जात नाही. पडण्याची डोंगराने मोजायची किंमत तेवढी खरोखर शून्यावर आली आहे, आणि आमच्या मते या गेमांच्या बाजूने बोलणारा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

आता आमच्या घरातल्या वादाविषयी. आमच्यापैकी एक जण कॉलेजात असताना भाड्याच्या सायकलवरून सिंहगड उतरत होता. ब्रेकची रबरे तापून गुळगुळीत झाली, एका वळणावर सायकल खडीवरून गेली आणि कोपराला सात टाके पडले. त्या वळणाचा कठडा, कडेची करवंदीची जाळी, खडीचा रंग, सगळे तो आजही सांगतो. बाकीचा रस्ता त्याला आठवत नाही. त्याचे म्हणणे असे, की एकदा पडून जे कळते ते शंभरदा न दुखता पडून कळायचे नाही. आम्ही बाकीचे म्हणत होतो, की तुला एकच वळण कळले. पडद्यावरच्या डोंगराची आम्हांला सगळी वळणे कळली.

बरेच दिवस भांडल्यावर दोन्ही बाजूंना थोडे मागे सरावे लागले. पुनरावृत्तीने जे मिळते ते ज्ञानच असते. रीपॅकच्या स्वारांनीही ते तसेच मिळवले होते, आणि ज्याच्या गावाजवळ डोंगर नाही, ज्याचे शरीर साथ देत नाही, त्याला ते या गेमांखेरीज कुठून मिळणार? हे त्याने मान्य केले. पण वेदनेने आणखी एक गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे कुठे थांबावे. ती पडद्यावर शिकता येत नाही, हे आम्ही मान्य केले. खेळणाऱ्यांच्या मतांमधले अर्धे भांडण या दोन शिकवण्यांना एकच समजल्यामुळे होते, असे आता आम्हांला वाटते. ज्याला डोंगर ओळखायचा आहे त्याला पडणे स्वस्त हवे. ज्याला स्वतःची छाती तपासायची आहे त्याला ते महाग हवे. दोघांना एकाच गेमने खूश करावे ही अपेक्षा रास्त नाही, आणि एकाने दुसऱ्याला ‘तुला खेळच कळला नाही’ म्हणणे तर मुळीच रास्त नाही.

आमची वही अजून चालू आहे. हो, आम्हीही एक वही केली आहे. तीत वाटेचे नाव, वेळ आणि पडण्याची संख्या लिहितो. सिंहगडावरून पडलेला आमचा मित्र पडद्यावरही प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबतो आणि विश्रांतीची जागा दिसली की थांबतो. वेळेच्या रकान्यात त्याचे नाव नेहमी तळाशी असते. पडण्याच्या रकान्यात बहुधा शून्य.